दोन टिंबांची अठरा वर्षे

समीक्षा म्हटलं की डोळ्यांसमोर कादंबरी येते, कवितासंग्रह येतो, फार तर एखादं नाटक. आज आम्ही समीक्षेला घेतली आहे एक दुरुस्ती. पायथन या संगणकभाषेच्या प्रमाण लायब्ररीत ‘टारफाइल’ नावाचं एक मॉड्यूल आहे. फाइलींचे पत्ते हाताळताना त्याला एक खोड होती. ती २००७ साली जाहीरपणे दाखवून दिली गेली, आणि ‘न सांगता जे घडतं’ त्या डीफॉल्ट वागणुकीतून ती गेली २०२५ साली. मधल्या काळात कुणी काय म्हटलं, काय नाकारलं गेलं, काय स्वीकारलं गेलं, हे सगळं उघड्यावर नोंदलेलं आहे. ओपन सोर्समध्ये कोड तर वाचता येतोच, पण त्या कोडमागचा वादही वाचता येतो. आणि जे वाचता येतं, त्याची समीक्षाही करता यायला हवी. आपल्याकडे ती फारशी होत नाही. सॉफ्टवेअरबद्दल आपण एक तर कौतुकाने बोलतो, नाही तर तक्रार करतो.

आपल्यात सगळेच प्रोग्रामर नाहीत, म्हणून आधी दोन साध्या गोष्टी समजून घेऊ.

संगणकातल्या फाइलीला पत्ता असतो. फोल्डर, त्याच्या आत फोल्डर, त्याच्या आत फाइल, आणि मध्ये तिरकी रेघ. पत्ता तिरक्या रेघेनेच सुरू झाला तर तो अगदी मुळापासून मोजायचा. तशी सुरुवात नसेल तर आपण जिथे उभे आहोत तिथून मोजायचा. आणि पत्त्यात कुठे नुसती दोन टिंबं आली, तर त्याचा अर्थ ‘एक पायरी वर जा’. ही दोन टिंबं रोजच्या कामात अतिशय सोयीची आहेत. आजच्या गोष्टीत खलनायक कुणी असेलच तर तीच आहेत. पण तेही पूर्ण खरं नाही, हे पुढे दिसेल.

दुसरी गोष्ट ‘टार’ची. अनेक फाइली एका फाइलीत बांधण्याची ही पद्धत १९७९ साली युनिक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर आली. ‘टेप आर्काइव्ह’ याचं ते आखूड रूप. चुंबकीय फितीवर बॅकअप घ्यायचा आणि गरज पडली की जसाच्या तसा उतरवायचा, हा मूळ हेतू. रचना फार साधी आहे. प्रत्येक फाइलीच्या आधी ५१२ बाइटचा एक मथळा, त्यातले पहिले १०० बाइट नावासाठी, आणि मग फाइलीचा मजकूर. पण इथे ‘नाव’ म्हणजे नुसतं नाव नसतं. तो पत्ता असतो. म्हणजे गाठोडं सोडणाऱ्याला दिलेली ती सूचनाच असते: ही वस्तू इथे ठेव.

आता कल्पना करा. गावाहून एक गाठोडं आलं. तुम्ही गड्याला सांगितलंत, ‘माजघरात सोड.’ त्याने गाठ सोडली. आतल्या एका वस्तूवर चिठ्ठी आहे: माजघरातून वर जा, आणखी वर जा, देवघरात शीर, तिथे जे असेल ते काढून टाक आणि हे ठेव. गडी प्रामाणिक आहे. त्याने चिठ्ठीबरहुकूम केलं. चूक कुणाची? गाठोडं बांधणाऱ्याची, हे तर झालंच. पण ‘माजघरात सोड’ या तुमच्या शब्दाला काही किंमत होती की नव्हती?

‘टारफाइल’ची खोड नेमकी हीच. त्यात ‘एक्स्ट्रॅक्टऑल’ नावाचं फंक्शन आहे. त्याला तुम्ही एक फोल्डर देता, आणि ते गाठोड्यातलं सगळं त्या फोल्डरात उतरवतं. निदान वाचणाऱ्याला तसं वाटतं. आत घडत असे ते असं: दिलेला फोल्डर आणि मथळ्यातलं नाव ‘ओएस-पाथ-जॉइन’ने जोडायचं आणि तिथे फाइल लिहायची. नावात दोन टिंबं असतील तर पत्ता फोल्डरातून बाहेर चढतो. नाव तिरक्या रेघेने सुरू होत असेल तर गंमत आणखीच वेगळी. ‘जॉइन’चा नियम असा, की दुसरा तुकडा मुळापासूनचा पत्ता असेल तर पहिला तुकडा टाकूनच द्यायचा. म्हणजे तुम्ही सांगितलेला फोल्डर विचारातच घेतला जात नाही. अशा वाटेने लॉगिन होताच आपोआप चालणारी एखादी फाइल बदलता येते. आणि मग दुसऱ्याने लिहिलेलं कोड तुमच्या यंत्रावर, तुमच्या अधिकाराने चालू लागतं.

२००७ च्या ऑगस्टमध्ये हे दाखवून दिलं गेलं. त्याला सीव्हीई-२००७-४५५९ असा क्रमांक मिळाला. त्या नोंदीत एका जुन्या, २००१ सालच्या क्रमांकाचा उल्लेख आहे, कारण जीएनयूच्या टारमध्ये अगदी हाच दोष तेव्हा सापडला होता. म्हणजे प्रश्न नवा नव्हता, उत्तरही शेजारी तयार होतं. जीएनयू टार आज नावातली सुरुवातीची तिरकी रेघ काढून टाकतं आणि तसं सांगतं, आणि दोन टिंबांचं नाव आलं तर ते उतरवायला नकार देतं.

पायथनकडे मात्र निर्णय वेगळा झाला. मॉड्यूल सांभाळणाऱ्यांचं म्हणणं थोडक्यात असं होतं: मॉड्यूल काही चुकीचं करत नाही, त्याची वागणूक पॉझिक्स प्रमाणाला धरून आहे, प्रत्यक्षात गैरफायदा घेता येईल असं काही दिसत नाही, म्हणून डॉक्युमेंटेशनमध्ये इशारा लिहू. आणि तसा इशारा लिहिला गेला. खात्री नसलेल्या ठिकाणाहून आलेलं गाठोडं आधी तपासल्याशिवाय सोडू नका, असा.

या निर्णयाची खिल्ली उडवणं आज फार सोपं आहे. आम्ही ते करणार नाही, कारण त्या युक्तिवादात दम आहे. पहिलं, टारचा जन्मच बॅकअपसाठी झालेला. बॅकअप उतरवताना ‘इटीसी’ फोल्डरातली फाइल ‘इटीसी’तच गेली पाहिजे. तिथे यंत्राने शहाणपणा केलेला चालणार नाही. दुसरं, प्रमाण लायब्ररीची वागणूक बदलली की जगभरचं चालू असलेलं कोड मोडतं, आणि त्याच्या शिव्या सांभाळणाऱ्यालाच खाव्या लागतात. तिसरं, ही कामं करणारी माणसं बहुतेक वेळा स्वतःच्या वेळात, विनामोबदला करतात. त्यांच्याकडून सर्वज्ञतेची अपेक्षा ठेवणं हा अन्याय आहे.

तरीही तो निर्णय चुकीचा होता असं आमचं मत आहे, आणि त्याची कारणं सांगतो.

पहिलं कारण. ‘प्रमाणाला धरून आहे’ हे उत्तर ज्या प्रश्नाचं आहे, तो प्रश्न कुणी विचारलाच नव्हता. पत्ता कसा वाचावा हे पॉझिक्स सांगतं. परक्या माणसाने लिहिलेला पत्ता पाळावा की नाही, हे ते सांगत नाही. व्याकरण शुद्ध आहे म्हणून वाक्य खरं ठरत नाही, तसंच हे.

दुसरं कारण. फंक्शनचं रूप हेच एक वचन असतं. ‘या फोल्डरात उतरव’ असं मी म्हणू शकतो, अशी सोय तुम्ही दिलीत. तर तो फोल्डर ही हद्द आहे असंच कोणताही वाचक समजणार. डॉक्युमेंटेशनमध्ये ‘ती हद्द नाही बरं का’ असं लिहिणं म्हणजे वचन देऊन खाली बारीक अक्षरात ते मागे घेणं. आणि बारीक अक्षरं कोण वाचतं हे आपल्याला विम्याच्या कागदांवरून चांगलं माहीत आहे.

तिसरं कारण सगळ्यांत बोलकं. त्याच प्रमाण लायब्ररीत ‘झिपफाइल’ नावाचं जुळं भावंड आहे. ते झिपची गाठोडी सोडतं. पायथन २.७.४ पासून ते सुरुवातीची तिरकी रेघ आणि दोन टिंबं आपणहून काढून टाकू लागलं. म्हणजे एकाच घरात दोन गडी: एक चिठ्ठी तपासतो, दुसरा डोळे झाकून पाळतो. आणि कुणाकडून गाठोडं सोडवून घेता यावर तुमचं देवघर अवलंबून. दोन्ही भूमिकांचं समर्थन करता येईल हो, पण एकाच छपराखाली, एकाच वेळी दोन्हींचं करता येत नाही.

तर झालं असं, की इशारा लिहिला गेला आणि घोंगडं भिजत पडलं. २०१४ मध्ये तोच प्रश्न पुन्हा नोंदला गेला. ‘सेफटारफाइल’ असा एक वेगळा, सुरक्षित वर्ग करावा अशी सूचनाही आली. ती मूळ लायब्ररीत शिरली नाही. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये ट्रेलिक्स या सुरक्षा कंपनीच्या संशोधकांना दुसरंच काही तपासताना हा दोष सापडला. त्यांना आधी वाटलं, आपण नवीनच काही शोधलं. मग कळलं, हा तर पंधरा वर्षांचा जुना. साडेतीन लाखांच्या आसपास ओपन सोर्स प्रकल्पांत ही खोड शिरली असावी, असा अंदाज त्यांनी मांडला.

आता पुढचा भाग नीट ऐका, कारण आमच्या मते या सगळ्या गोष्टीतलं खरं शिक्षण इथे आहे. मूळ लायब्ररी बदलत नाही म्हटल्यावर संशोधकांनी काय केलं? वापरणाऱ्यांच्या कोडमध्येच पॅच पाठवायला सुरुवात केली. यंत्रवत, एकाच साच्याचा पॅच, सुमारे ६२ हजार प्रकल्पांना. मेहनत मोठी, हेतू चांगला. पण त्या पॅचमध्ये तपासणी कशी होती? फोल्डरचा पत्ता घ्यायचा, फाइलीचा पत्ता घ्यायचा, आणि ‘कॉमनप्रीफिक्स’ने दोघांची समान सुरुवात काढायची. ती फोल्डरच्या पत्त्याइतकी असेल तर फाइल आत आहे असं समजायचं.

इथेच मेख आहे. ‘कॉमनप्रीफिक्स’ पत्ता वाचत नाही, अक्षरं वाचतं. समजा तुमचा फोल्डर आहे ‘वडा’ आणि त्याच्या शेजारी दुसरा फोल्डर आहे ‘वडापाव’. ‘वडापाव’मधल्या फाइलीच्या पत्त्याची सुरुवात ‘वडा’नेच होते. तपासणी म्हणते, आतच आहे की! आता पावात वडा असतो हे खरं, पण वड्यात पाव नसतो. पायथनच्या डॉक्युमेंटेशनमध्येच लिहिलेलं आहे, की हे फंक्शन एकेक अक्षर बघतं, त्यामुळे पत्ता म्हणून चुकीचं उत्तर येऊ शकतं. म्हणूनच ३.५ आवृत्तीत ‘कॉमनपाथ’ नावाचं दुसरं फंक्शन आलं. शिवाय त्या पॅचमध्ये सिमलिंकचा विचार नव्हता. सिमलिंक म्हणजे घरातलाच असा दरवाजा, जो उघडला की माणूस दुसऱ्याच घरात निघतो. पत्ता बघितला तर आतला, पाऊल टाकलं तर बाहेर.

आम्ही हे सांगतोय ते कुणाला कमी लेखायला नाही. पत्त्यांची तपासणी हेच ज्यांचं काम, अशा तज्ज्ञांच्या पॅचमध्ये पत्त्याचीच गफलत राहिली. मग २००७ चा तो इशारा पुन्हा वाचा: ‘आधी तपासा, मग सोडा.’ कुणी तपासायचं? पदवीच्या दुसऱ्या वर्षातल्या मुलीने? प्रयोगशाळेतली आकडेवारी उतरवून घेणाऱ्या जीवशास्त्रज्ञाने? ज्या कामात तज्ज्ञ अडखळतात, ते काम एका ओळीच्या इशाऱ्याने लाखो लोकांच्या गळ्यात घालणं याला आम्ही जबाबदारी झटकणं म्हणतो. अवघड काम एकदाच, एकाच जागी, नीट व्हावं, म्हणून तर लायब्ररी असते.

शेवटी ते झालं. पेत्र विक्टोरिन यांनी २०२३ मध्ये पेप ७०६ हा प्रस्ताव मांडला. पेप म्हणजे पायथनमध्ये मोठा बदल करण्याआधी लिहायचा जाहीर मसुदा. तो मंजूर झाला आणि पायथन ३.१२ मध्ये आला. हा मसुदा लेखन म्हणूनही वाचण्यासारखा आहे, आणि त्याचं मर्म असं: गाठोडं सोडण्याआधी त्याने विचारलं, की हे गाठोडं आहे कशासाठी?

त्याने तीन फिल्टर दिले. ‘फुली-ट्रस्टेड’ म्हणजे पूर्ण विश्वास, चिठ्ठी जशी आहे तशी पाळा. ‘टार’ म्हणजे युनिक्सच्या सवयी ठेवा, पण हद्द ओलांडू नका. आणि ‘डेटा’ म्हणजे मला फक्त फाइली हव्यात, बाकी काही नको. हा तिसरा फिल्टर फोल्डरबाहेर जाणारी फाइल नाकारतो, बाहेर जाणारी लिंक नाकारतो, उपकरण म्हणून वावरणाऱ्या विशेष फाइली नाकारतो, मालक-गट यांची माहिती सोडून देतो आणि धोकादायक परवानग्या काढून घेतो.

यातली आम्हाला सगळ्यात आवडलेली गोष्ट बारीक आहे. सुरुवातीची तिरकी रेघ तो काढून टाकतो, म्हणजे दुरुस्त करतो. बाहेर जाणारा पत्ता मात्र दुरुस्त करत नाही, तिथे थांबतो आणि तक्रार करतो. असा भेद का? आम्ही तो असा वाचतो: तिरकी रेघ प्रामाणिक बॅकअपमध्येही असते, पण हद्द ओलांडणारा पत्ता प्रामाणिक माणसाकडून क्वचितच येतो. आणि दुसरं, तो दोन टिंबांवर बंदी घालत नाही! पत्त्यात दोन टिंबं असली, पण शेवटी पाऊल आतच पडत असेल, तर जाऊ देतो. अक्षरं बघून संशय घेत नाही, पोचण्याची जागा बघून निर्णय करतो. म्हणून सुरुवातीला म्हटलं, टिंबं खलनायक आहेत हे पूर्ण खरं नाही. खोड अक्षरांची नव्हती, हद्द कुणी पाळायची याची होती.

आता दोष सांगतो, कारण नुसती वाहवा म्हणजे समीक्षा नव्हे.

पहिला दोष काळाचा. फिल्टर ३.१२ मध्ये आला, जुन्या आवृत्त्यांनाही सुरक्षा-दुरुस्ती म्हणून दिला गेला, हे उत्तम. पण तो मागितला तरच मिळत होता. काही न सांगता सुरक्षित वागणूक मिळायला ३.१४ आवृत्ती, म्हणजे २०२५ चा ऑक्टोबर उजाडला. दरम्यानच्या दोन आवृत्त्यांत, फिल्टर न दिल्यास ‘डेप्रिकेशन वॉर्निंग’ दिली जात होती. पण ही जातीची वॉर्निंग पायथन डीफॉल्टने फक्त मुख्य प्रोग्रामातल्या कोडसाठीच दाखवतं. एखाद्या लायब्ररीच्या पोटात ती उठली तर तिथेच गप्प होते. म्हणजे २००७ मध्ये इशारा कागदावर होता आणि न वाचलेला, २०२३ मध्ये तो यंत्रात आला तरी अनेकांच्या कानी न पडणारा. जुनं कोड मोडू नये ही काळजी आम्हाला कळते. तरी कागदावर का होईना, सोळा वर्षांची सूचना दिलेली असताना आणखी दोन वर्षं कुणासाठी, हा प्रश्न उरतो.

दुसरा दोष खोल आहे, आणि तो २०२५ च्या जूनमध्ये उघड झाला. ‘डेटा’ फिल्टर तपासणी कशी करतो? सगळ्या सिमलिंक उलगडून खरा पत्ता काढण्यासाठी तो ‘रिअलपाथ’ला विचारतो, आणि तो पत्ता हद्दीत आहे का ते बघतो. आता लिनक्समध्ये एका पत्त्याच्या लांबीला ४०९६ बाइटची मर्यादा आहे. एकात एक लिंका अशा गुंफायच्या, की उलगडलेला पत्ता या मर्यादेबाहेर जाईल. ‘रिअलपाथ’ त्या टप्प्यावर पोचलं की ऑपरेटिंग सिस्टिमकडून चूक परत येते, नाव फार लांब आहे अशी. आणि ‘रिअलपाथ’ काय करत असे? चूक गिळून टाकत असे. ‘इथे लिंक नसेलच’ असं धरून पुढचा पत्ता तसाच जोडून उत्तर देत असे. फिल्टर म्हणतो, आत आहे, जाऊ द्या. मग प्रत्यक्ष लिहिताना ऑपरेटिंग सिस्टिम आखूड लिंकांवरून एकेक पाऊल टाकत जाते, तिला लांबीची अडचण येतच नाही, आणि फाइल जाते हद्दीबाहेर. सीव्हीई-२०२५-४५१७ तो हाच.

यावरची दुरुस्ती लहान आणि नेमकी होती. ‘रिअलपाथ’ला एक नवी अट देता येऊ लागली: फाइल अस्तित्वात नाही एवढी एकच चूक खपवून घे, बाकी कुठलीही चूक आली तर ओरड. बस्स. आम्हाला ही ओळ फार अर्थपूर्ण वाटते. तपासनीसाला एखादी गोष्ट कळली नाही तर त्याने ‘कळलं नाही’ म्हणावं, ‘ठीक आहे’ म्हणू नये, एवढंच ती सांगते.

पण मूळ अडचण त्याखाली तशीच आहे. पत्ता तपासणारा एक, आणि पत्त्यावर जाणारा दुसरा. दोघांचं वाचन जिथे वेगळं होईल तिथे फट पडणार. नाक्यावर पास बघणारा आणि आत गाडी नेणारा यांच्यात नुसता कागद फिरत असेल, तर कागदाचीच फसवणूक होणार. याला उपाय वेगळ्या दिशेचा आहे. लिनक्सच्या ५.६ आवृत्तीत, २०२० साली, ‘ओपनॅट२’ नावाची सोय आली. त्यात ऑपरेटिंग सिस्टिमलाच सांगता येतं, की ही फाइल उघड, पण या फोल्डरच्या खालीच राहा, बाहेर जावं लागलं तर नकार दे. इथे चालणारा आणि तपासणारा एकच. गो भाषेने २०२५ च्या फेब्रुवारीत, १.२४ आवृत्तीत, ‘ओएस-रूट’ आणलं, ते याच विचाराचं. एक फोल्डर हद्द म्हणून हातात घ्यायचा आणि त्यानंतरची सगळी कामं त्या हद्दीतच करायची.

पायथनने तसं का केलं नाही? त्याला विंडोज, मॅक, लिनक्स, सगळीकडे चालायचं आहे, आणि अशी सोय सगळीकडे सारखी नाही. हे उत्तर रास्त आहे. गोनेही वेगवेगळ्या सिस्टिमांसाठी वेगवेगळे मार्ग काढले, हेही तितकंच खरं. म्हणून पेप ७०६ बद्दल आमचा निवाडा असा: प्रश्न त्याने अचूक मांडला, उत्तर पुरेसं चांगलं दिलं, पण उत्तराची जागा अजून एक पायरी खाली हवी होती. आणि त्याच्या डॉक्युमेंटेशनचं एक श्रेय द्यायलाच हवं. ‘डेटा’ फिल्टर लावलात तरी परक्या गाठोड्याबाबत पूर्ण निश्चिंत राहू नका, असं ते आजही सांगतं. शब्द २००७ च्या इशाऱ्यासारखेच आहेत, पण अर्थ बदलला आहे. तेव्हा इशारा कामाच्या बदल्यात होता, आता तो काम केल्यानंतरचा आहे.

इथे कुणी विचारेल, आमचा काय संबंध? आम्ही ना पायथन लिहितो, ना गाठोडी सोडतो. अहो, सोडता. तुमच्या नावाने दुसरं कुणी तरी सोडत असतं. बँकेच्या मागच्या यंत्रणेत, इस्पितळाच्या नोंदींत, विद्यापीठाच्या सर्व्हरवर पायथन चालतं, आणि त्याच्या पोटात गाठोडी सुटत असतात. जे प्रोग्रामर आहेत त्यांच्यासाठी तर काम स्पष्ट आहे. ३.१४ च्या आधीची आवृत्ती वापरत असाल तर ‘एक्स्ट्रॅक्टऑल’च्या प्रत्येक वापरात फिल्टर ‘डेटा’ असं स्वतः लिहा. पायथनची सुरक्षा-दुरुस्ती लावलेली आहे ना हे बघा, कारण जून २०२५ च्या आधीचा फिल्टर फटीसकटचा आहे. आणि पत्त्यांची तुलना अक्षरांनी करू नका, वडापाव आठवा.

मोठं काम मात्र सगळ्यांचंच आहे. आपण कुठलीही व्यवस्था उभी करतो, मग ती लायब्ररी असो, सोसायटीचे नियम असोत की सरकारी अर्ज असो, तेव्हा अवघड भाग कुणाच्या पदरात टाकायचा हे आपण ठरवत असतो. ‘सूचना वाचा, मग आमची जबाबदारी नाही’ ही पाटी लावणं नेहमीच सगळ्यात स्वस्त असतं. तिची किंमत शून्य नसते, ती फक्त दुसऱ्यांकडून, थोडी थोडी, वर्षानुवर्षं वसूल होते. इथे ती अठरा वर्षं वसूल झाली. काही ओळींचं कोड, पण ते योग्य जागी ठेवायला दोन टिंबांनी एवढा काळ घेतला.

पुढच्या वेळी एखाद्या प्रकल्पात कुणी दोष दाखवला आणि ‘हे तर प्रमाणाला धरूनच आहे’ असं उत्तर आलं, तर वाद घालण्याआधी एवढंच विचारा: तुम्ही वचन काय दिलं होतं? उत्तर बहुतेक वेळा फंक्शनच्या नावातच सापडेल.